बरा बरा : मेंढरांनी शोधलेलं तांब्याचं गाव

ओहळकाठ (धागाकर्ती)

गेल्या लाँग वीकेंडला ॲडलेडहून उत्तरेला बरा नावाच्या गावी जाऊन आलो. स्पेलिंग वाचून आपण 'बुर्रा' म्हणतो, आणि तिथल्या बेकरीत तसं म्हटलं की काउंटरवरची आजी प्रेमाने दुरुस्त करते, "बरा". घरी आल्यावर आईचा फोन. कुठे गेला होतात? म्हटलं, बराला. "बरं बरं, पण कुठे?" हे पाच मिनिटं चाललं.

दोन तासांचा रस्ता. गाव लागायच्या आधी टेकड्या लागतात, गोल गोल, एकामागे एक, नुकत्याच कातरलेल्या मेंढीसारख्या. झाड म्हणून नाही. मला वाटलं, इथला निसर्गच असा असेल. तसं नाही, ते पुढे येईलच.

माहिती केंद्रात पैसे भरले की नकाशा आणि एक किल्ली देतात. खरीखुरी किल्ली. गावभर जुन्या जागांना कुलपं आहेत, तुरुंग, दारूच्या भट्टीचं तळघर, ओढ्याकाठची बिळं. आपणच जायचं, उघडायचं, बघायचं, पुन्हा कुलूप लावायचं. सोबत गाइड नाही, वर पहारेकरी नाही. पहिलं कुलूप उघडताना नवरा दोनदा मागे वळून बघत होता, कोणी ओरडतंय का म्हणून.

आता गोष्ट. साउथ ऑस्ट्रेलियाची वसाहत १८३६ ची, आणि चार-पाच वर्षांतच तिच्या तिजोरीत खडखडाट झाला. मेंढ्या मात्र चाऱ्यामागे उत्तरेकडे सरकत होत्या. १८४२ मध्ये कपुंडाला हरवलेली मेंढरं शोधायला गेलेल्या फ्रान्सिस डटनला हिरवा दगड दिसला, ते तांबं. १८४५ मध्ये बरा बरा ओढ्याजवळ विल्यम स्ट्रेअर आणि थॉमस पिकेट या दोन मेंढपाळांना, वेगवेगळे, तसेच हिरवे-निळे खडक सापडले. पुढे १८६१ मध्ये मूंटाला पुन्हा एका मेंढपाळालाच. या राज्यात भूगर्भशास्त्राचा पाया मेंढरांनी घातला म्हणायला हरकत नाही.

बराची जमीन मिळवायची तर सरकारची अट होती, २०,००० एकर एकदम घ्या, एकरी एक पौंड, पैसे रोख. एवढी रोकड कुणा एकाकडे नव्हती. एक गट ॲडलेडच्या दुकानदारांचा, त्यांना लोक 'स्नॉब्ज' म्हणत. दुसरा बड्या भांडवलवाल्यांचा, ते 'नॉब्ज'. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या या मंडळींनी पैसे एकत्र केले, जमीन घेतली, आणि लगेच मधोमध रेघ मारून वाटणी केली. उत्तरेचा भाग दुकानदारांना गेला, दक्षिणेचा बड्यांना. तांबं जवळजवळ सगळं उत्तरेत! बड्यांनी आपल्या हिश्शात प्रिन्सेस रॉयल नावाची खाण काढली, ती थोड्याच वर्षांत गुंडाळावी लागली आणि तिथे पुन्हा मेंढ्या चरू लागल्या.

दुकानदारांच्या कंपनीचं मूळ भांडवल १२,३२० पौंड. खाण बंद होईपर्यंत वाटलेला लाभांश सुमारे ८ लाख पौंड. 'मॉन्स्टर माइन' हे नाव उगाच पडलं नव्हतं. कंपनीचा सचिव हेन्री एअर्स ॲडलेडमधल्या कचेरीत बसून हे सगळं हाकायचा. तो पुढे प्रीमियर, म्हणजे तिथला मुख्यमंत्री, झाला. १८७३ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या अवाढव्य खडकाला 'एअर्स रॉक' नाव दिलं गेलं ते याच्याच नावावरून. मेंढपाळांच्या नावाने डोंगर सोडा, टेकाडही नाही.

खाणीत माणसं आली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून, तांबं वितळवायच्या भट्टीवर वेल्सची. राहायला घरं पुरेनात, तेव्हा लोकांनी ओढ्याचे मातीचे काठ पोखरून त्यात संसार थाटले. १८५१ च्या शिरगणतीत साडेचार हजारांच्या आसपास वस्तीपैकी सुमारे १,८०० माणसं या बिळांत राहत होती. त्यातली दोन बिळं अजून आहेत. मी आत गेले. भिंतींना चुना, कोपऱ्यात चूल, छत हाताला लागतं. एका खोलीत आठ-दहा माणसं कशी झोपत असतील याचा विचार करत होते तोच मुलगा म्हणाला, "आई, इथे वाय-फाय नसेल ना?"

१८५१ मध्येच ओढ्याला लागोपाठ पूर आले आणि बरीचशी बिळं वाहून गेली. कंपनीने तोवर पॅक्स्टन स्क्वेअरची ३३ घरं बांधायला घेतली होती. आम्ही त्यातल्याच एका घरात राहिलो. जाड दगडी भिंती, बुटकी दारं, नवऱ्याच्या कपाळाला टेंगूळ.

खाण १८७७ मध्ये बंद पडली.

आता माझा प्रश्न. खाण चालली ३२ वर्षं. मेंढ्या तिच्या आधीपासून आहेत आणि आजही आहेत, म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून जास्त. तरी गावातला जवळजवळ प्रत्येक फलक, प्रत्येक कुलूप, प्रत्येक पोस्टकार्ड खाणीचं. मेंढरांच्या वाट्याला दुकानातली लोकरीची टोपी. असं का?

---

चहाबिस्किट

लेख बरा बरा नाही, चांगला चांगला आहे. किल्लीची कल्पना भन्नाट. आपल्याकडे अशी किल्ली दिली तर संध्याकाळपर्यंत तिच्या चाळीस डुप्लिकेट होतील.

---

शंकेखोर

नावाबद्दल. 'बरा' हे हिंदुस्थानी 'बड़ा' तर नाही? साहेब लोक 'बड़ा साहेब' लिहिताना हेच स्पेलिंग करायचे. 'बरा बरा' म्हणजे 'बड़ा बड़ा', मोठा मोठा ओढा. पण ऑस्ट्रेलियातल्या आडरानात १८४५ च्या आधी हिंदुस्थानी बोलणारं कोण असणार, म्हणून मी स्वतःच स्वतःला गप्प केलं.

---

ओहळकाठ

@शंकेखोर, गप्प करू नका. नावाची ही व्युत्पत्ती तिथे खरोखर सांगितली जाते! सुरुवातीच्या काही मेंढीवाल्यांकडे हिंदुस्थानातून आणलेले मजूर मेंढ्या राखायला होते आणि त्यांच्या तोंडून हे नाव पडलं, असं म्हणतात. शेजारचं क्लेअर गाव वसवणारा एडवर्ड ग्लीसन हा तर आधी हिंदुस्थानातच होता, तिथून १८३८ मध्ये इकडे आला. दुसरं मत असं की हा मूळ आदिवासी भाषेतला शब्द. फलकावर दोन्ही मतं वाचली.

मला पहिलं मत आवडतं, हे उघड आहे. आवडतं म्हणून ते खरं ठरत नाही, हेही.

---

मलाजखंडवाला

नोकरीची बरीच वर्षं मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत काढली, त्यामुळे दोन शब्द.

ताई, तुम्ही 'हिरवे-निळे खडक' लिहिलंत ते म्हणजे मॅलकाइट आणि अझुराइट. तांब्याचं मूळ खनिज खोल असतं, गंधकाबरोबर बांधलेलं. वरून पाणी झिरपतं, हवा लागते, तसं तांबं सुटं होऊन वरच्या थरात कार्बोनेटच्या रूपात साचतं. ते हिरवं-निळं दिसतं, म्हणून मेंढपाळालाही कळतं. बराच्या खनिजात वीस टक्क्यांच्या वर तांबं असायचं. आमच्याकडे मलाजखंडला दगडात टक्काभर तांबं मिळालं की आम्ही खूश. वीस टक्के म्हणजे दगड नव्हे, बाजारात विकायला काढलेला माल!

पण अशा साचलेल्या तांब्याची एक खोड असते. वरचा मलिदा संपला की खाली काय आहे ते कळतं. काही खाणींत खाली आणखी मोठा गंधकी साठा लागतो. बरामध्ये तसा लागला नाही. जितकं खोल जावं तितकं पाणी जास्त, तांबं कमी. पाणी उपसायला कॉर्नवॉल पद्धतीची वाफेची अजस्र इंजिनं बसवली. त्यातल्या मोठ्याच्या सिलिंडरचा व्यास ८० इंच, म्हणजे दोन मीटर. अशा इंजिनाचे भाग बंदरापासून गावापर्यंत ओढून आणायला चाळीसेक बैल जुंपले होते. तो गाडा अजून गावात ठेवलाय. पाहिलात का?

दुसरं, मजुरीची पद्धत. पगार नव्हता. कॅप्टन, म्हणजे खाणीचा मुकादम-इंजिनीअर, ठरलेल्या दिवशी खाणीतल्या एकेका पट्ट्याचा लिलाव करायचा. 'या पट्ट्यातून निघालेल्या मालावर पौंडामागे किती शिलिंग घ्याल?' जो कमी बोलेल त्याच्या टोळीला पट्टा. याला ट्रिब्यूट म्हणत. नुसती खोदाई करणाऱ्यांना फॅदमच्या, म्हणजे सहा फुटांच्या, मापाने पैसे मिळत. मेणबत्त्या आणि सुरुंगाची दारू आपापल्या खर्चाने. म्हणजे प्रत्येक खाणकामगार अर्धा जुगारी आणि अर्धा कंत्राटदार. पट्टा लागला तर महिन्यात गब्बर, नाही लागला तर उधारीवर.

आता यात तांब्याचं प्रमाण कोण ठरवणार? कंपनीचा तपासनीस. १८४८ मध्ये याच प्रमाणावरून बिनसलं, पुढे मजुरीकपातही झाली आणि महिनोन्महिने संप चालला. त्या वसाहतीतल्या पहिल्या मोठ्या संपांपैकी हा एक. लॅबच्या आकड्यावरून खाणीत झालेली भांडणं मी जन्मभर पाहिली, त्यामुळे हे वाचून जीव तिकडेच गेला.

---

ओहळकाठ

काका, गाडा पाहिला! मार्केट स्क्वेअरजवळ आहे. मला वाटलं, ओंडके वाहायचा असेल.

---

गंजलेला खिळा

क्षमस्व, पण गर्दीत एक उलटा सूर. मी तीन वर्षांपूर्वी गेलो होतो. एक मोठा खड्डा, त्यात निळं पाणी. चार पडकी धुराडी. एक तुरुंग. आणि माश्या. एवढ्यासाठी दोन तास जाणं, दोन तास येणं? ऑस्ट्रेलियात शंभर-दीडशे वर्षांची कुठलीही भिंत सापडली की तिला वारसा म्हणतात. आमच्या गावातला गोठा याहून जुना आहे.

---

चुनाविटा

@गंजलेला खिळा, गोठ्याला हात लावण्याआधी हे वाचा.

मी जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते. आमच्या धंद्यात बराचं नाव रोज घेतलं जातं, आणि गंमत म्हणजे घेणाऱ्यांतल्या निम्म्यांना ते गाव आहे हे माहीतच नसतं. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जतनतज्ज्ञांची संस्था इकोमोस या गावात जमली आणि तिथे त्यांनी जो दस्तऐवज मान्य केला तो 'बरा चार्टर', म्हणजे जतनाची सनद. त्यानंतर त्यात सुधारणा होत गेल्या, शेवटची २०१३ ची. आज जगभर जतनाच्या कामात तो आधाराला घेतात.

त्याचं सार साध्या मराठीत : आधी जागेला महत्त्व का आहे ते समजून घ्या, मग हात लावा. गरज असेल तेवढंच करा आणि जमेल तितकं कमी करा. नवीन काम जुन्यासारखं दिसवून लोकांना फसवू नका. आणि शक्यतो असं काही करू नका जे उद्या काढता येणार नाही. आपल्याकडे २००४ मध्ये इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने जी सनद केली ती मुद्दाम थोड्या वेगळ्या वाटेने गेली, कारण आपल्याकडे गवंडी, सुतार, मूर्तिकार यांची परंपरा जिवंत आहे आणि तिथे नवीन हातांनी जुन्या रीतीने बांधणं हेही जतनच. या दोन दस्तऐवजांवरून आमच्या कॉलेजात चहाच्या टपरीवर हमरीतुमरी व्हायची.

आता खरी मजा. तुम्ही फोटो टाकला असेल किंवा नसेल, पण खाणीजवळ पीकॉकचं धुराडं म्हणून एक आहे, त्याच्यावर 'जॉनी ग्रीन' नावाच्या खाणकामगाराचा पुतळा. ते धुराडं मूळ जागी नाही! १९७१ ते १९८१ या काळात उरलेसुरलेलं तांबं काढायला पुन्हा उघडी खाण चालली, त्या खड्ड्याच्या तोंडी हे धुराडं येत होतं. म्हणून ते उतरवून दुसरीकडे उभारलं. आणि त्यानंतर सातेक वर्षांनी त्याच गावात जो चार्टर मान्य झाला, तो म्हणतो की वास्तूची जागा हाही तिच्या महत्त्वाचा भाग आहे, ती हलवणं सहसा मान्य नाही. मला फार वाटतं की सभेला आलेली मंडळी त्या धुराड्याकडे बघतच जेवायला गेली असतील. हे माझं कल्पनाचित्र, इतिहास नव्हे.

---

गंजलेला खिळा

हे माहीत नव्हतं. खड्डा तोच राहिला, पण माश्या थोड्या कमी झाल्या.

---

रात्रपाळी

मी त्या भागातल्या एका छोट्या इस्पितळात नर्स आहे, सहा वर्षं झाली. मूळ प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करते, कारण माझे निम्मे पेशंट मेंढीवाले.

ओहळकाठ, मेंढरांचा फलक नाही कारण मेंढरं बंद पडलेली नाहीत. जे चालू आहे त्याला कोण फलक लावतं? कातरणीच्या दिवसांत शेडमध्ये जाऊन बघा. सकाळी साडेसातला घंटा, दोन तास काम, अर्धा तास चहा, ज्याला हे लोक 'स्मोको' म्हणतात, पुन्हा दोन तास, मग जेवण, मग तसंच दुपारी. दोन-दोन तासांचे चार हप्ते. कातरणारे दर मेंढीमागे पैसे घेतात, त्यामुळे घड्याळाकडे कोणी बघत नाही आणि कंबरेकडेही. ती कंबर शेवटी माझ्याकडे येते. खरं सांगते, पन्नाशीच्या कातरणाऱ्याची पाठ एक्स-रेमध्ये बघितली तर कॉर्निश खाणवाल्यांबद्दल वेगळं रडावं लागत नाही.

लोकर टेबलावर उडवून पसरतात, अख्खी, एखाद्या शालीसारखी. कडेची मळकी लोकर ओढून काढतात, मग क्लासर, म्हणजे लोकरीची प्रत ठरवणारा, बोटात एक बट धरून, ताणून, कानाजवळ नेऊन टिचकी मारतो. आवाजावरून ताकद कळते म्हणे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या कोष्टी आजोबांची आठवण आली, सुताची लड अशीच ताणून बघायचे.

इथली मेरिनो मेंढ्यांची जात वेगळी. अंगाने मोठी, लोकर थोडी जाडी, पण कोरड्यात आणि खारट झुडपांवर तग धरणारी. क्लेअरजवळच्या बंगारीच्या हॉकर कुटुंबाने १८४१ पासून हा वाण घडवला. बराच्या उत्तरेला हॅलेटजवळ कॉलिन्सव्हिल आहे, तिथला एक मेंढा १९८८ मध्ये ४,५०,००० डॉलरला गेला. एक मेंढा! आणि तीनच वर्षांत, फेब्रुवारी १९९१ मध्ये लोकरीचा हमीभाव कोसळला. सरकारी साठ्यात ४७ लाख गाठी पडून. माझे म्हातारे पेशंट १८७७ बद्दल बोलत नाहीत, ते १९९१ बद्दल बोलतात. तेव्हा गोळ्या घालून खड्ड्यात पुरलेल्या मेंढ्यांबद्दल बोलतात, तेही रात्री दोन-अडीचला, झोप लागत नसते तेव्हा. त्या खड्ड्यांवर कुठे फलक आहे?

---

ओहळकाठ

रात्रपाळी, तुमची शेवटची ओळ वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

---

शंकेखोर

मग खाण बंद पडल्यावर गाव टिकलं ते मेंढ्यांवर, असंच ना? कॉर्निश लोक गेले कुठे?

---

मलाजखंडवाला

गेले मूंटाला, काही पुढे ब्रोकन हिलला. त्याआधी १८५१-५२ मध्ये व्हिक्टोरियात सोनं सापडलं, तेव्हा तर खाणच ओस पडली होती. हजाराच्या वर माणसं जिथे कामाला तिथे थोडेच लोक उरले. पुढे बरेच परत आले. कॉर्निश खाणवाल्याला 'कझन जॅक' म्हणत, कारण कुठेही नवी जागा निघाली की हा म्हणायचा, 'माझा एक चुलतभाऊ आहे जॅक, त्याला बोलावतो.' आपल्याकडच्या मिलमध्ये गाववाले असेच भरले की. आणि ब्रोकन हिलचं चांदी-शिसं १८८३ मध्ये कुणाला सापडलं? चार्ल्स रास्प, माउंट गिप्स मेंढीरानातला कुंपण-राखण्या. ताईंचा मेंढरांचा सिद्धांत राज्याबाहेरही लागू होतो.

---

ओहळकाठ

आणि हो, गाव टिकलं ते रेल्वे आणि लोकर यांवर. १८७० मध्ये रेल्वे आली होती. त्यामुळे खाण गेल्यावरही उत्तर-पूर्वेच्या सगळ्या मेंढीरानांचा माल बराला यायचा, सामान बराहून जायचं. गाव जगलं, पण श्रीमंत झालं नाही. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता. आज जे वारसा म्हणून दाखवतात ते त्या ओढाताणीने राखलंय. १९७९ च्या सुमारास तर तुरुंगात एका नावाजलेल्या युद्धपटाचं चित्रीकरण झालं, सेट लावायची गरज पडली नाही.

टेकड्यांचं राहिलं. झाडं भट्टीने खाल्ली. १८४९ मध्ये वेल्सच्या कारागिरांची भट्टी गावातच सुरू झाली, तिला लाकूड, खाणीच्या आधारांना लाकूड, इंजिनांना लाकूड, चुलींना लाकूड. पुढे कोळसा आणावा लागला. तो वाहायला आणि तांबं पोर्ट वेकफील्ड बंदरात न्यायला १८५३ मध्ये दक्षिण अमेरिकेतून खेचरं आणि खेचरवाले आणले होते! त्या गावात तेव्हा कॉर्निश, वेल्श, स्पॅनिश सगळं कानावर पडत असणार. मग उरलेल्या टेकड्यांवर मेंढ्या सोडल्या, त्यांनी नवा कोंब वर येऊ दिला नाही. फोटोत सुंदर दिसतात, नाकारत नाही.

---

निवडुंग

सगळे खाण की मेंढरं यात गुंतलेत. दोन्ही येण्याआधी तिथे न्गाजुरी लोक होते. मेंढ्यांनी त्यांचे पाणवठे घेतले, खाणीने लाकूड घेतलं, रोगांनी माणसं नेली. मेंढपाळांनी 'शोधलं' म्हणताना हा शब्द जरा जपून वापरायला हवा. ज्या जमिनीवर पिढ्यान्पिढ्या माणसं हिंडली, तिच्यावरचा हिरवा दगड त्यांना दिसला नसेल?

---

ओहळकाठ

मान्य. शीर्षकात 'शोधलेलं' आहे ते बदलत नाही, नाहीतर तुमची प्रतिक्रिया कुणाला कळणार नाही. पण पहिल्या परिच्छेदातच त्यांचं नाव यायला हवं होतं. फलकावर होतं, मी लिहिताना गाळलं.

---

गंजलेला खिळा

मी पुन्हा आलो. बराच्या पूर्वेला गाडी घेऊन गेलो होतो तेव्हा रानात एकेकटी दगडी घरं दिसली, छप्पर नाही, खिडक्या नाहीत. तीही खाणवाल्यांची का?

---

शंकेखोर

नाही, ती गव्हाची! हे मला ठाऊक आहे, शेवटी. १८६५ मध्ये जॉर्ज गॉइडर या सर्व्हेअर-जनरलने घोड्यावरून फिरून नकाशावर एक रेषा काढली. पलीकडे पाऊस बेभरवशाचा, तिथे नांगर घालू नका, मेंढ्या ठेवा. साधारण वर्षाला दहा इंच पावसाची ही रेषा. बरा तिच्या अगदी काठावर. पुढे चार वर्षं पाऊस बरा (!) झाला, लोक म्हणाले, नांगरामागे पाऊस येतो, आणि गेले रेषा ओलांडून. १८८० च्या दशकात दुष्काळ आला. घरं तिथेच, माणसं परत. त्या बाजूला एका ठिकाणाचं नावच 'वर्ल्ड्स एंड' आहे. ठेवणाऱ्याने फार विचार केला नसावा.

---

रात्रपाळी

गॉइडरची रेषा इथे अजून शिवीसारखी आणि देवासारखी, दोन्ही प्रकारे वापरतात. 'रेषेच्या आतला आहेस ना?' म्हणजे सोयरीक पक्की.

---

चुनाविटा

ओहळकाठ, एक विचारायचं राहिलं. खाणीचं पाणी उपसायचं ते मॉर्फेटचं इंजिनघर, त्यात आत जाता आलं का? ते १९८६ मध्ये पुन्हा उभं केलं. त्याचे जोड बघायचेत, नवा चुना कुठे आणि जुना कुठे ते. २०१७ मध्ये बरा आणि मूंटा राष्ट्रीय वारसा यादीत आले, तेव्हापासून जायचं जायचं चाललंय. आतले फोटो असतील तर टाका.

---

ओहळकाठ

आत गेले होते. फोटो रात्री टाकते, जोडांचे नाहीत पण जिन्याचे आहेत.

आणि आता कबुली. चहाबिस्किट यांनी पहिल्याच प्रतिक्रियेत किल्लीचा विषय काढला तेव्हापासून पोटात गोळा आहे. ती किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. तुरुंगाला शेवटचं कुलूप लावलं, बेकरीत पेस्टी घेतली, गाडीत बसलो, आणि सरळ ॲडलेड. काल पाकीट शोधताना हाताला लागली.

---

चहाबिस्किट

म्हणजे गेला आठवडाभर तुम्ही बरा गावच्या तुरुंगाच्या किल्लीवर बसून आम्हाला इतिहास सांगताय?

---

मलाजखंडवाला

टपालाने पाठवा ताई. जाड पाकिटात, नाहीतर कोपरा फाडून बाहेर येते. अनुभवाने सांगतो.

---

रात्रपाळी

टपाल नको. मी शनिवारी ॲडलेडला येतेय, सोमवारी परत ड्यूटी. माझ्याकडे द्या, माहिती केंद्र माझ्या वाटेवर आहे. फक्त सोबत थोडं मेतकूट द्या, इथे मिळत नाही.

---

ओहळकाठ

मेतकूट आहे, आईने पाठवलेलं. शनिवारी किती वाजता?